पुलाचं बेअरिंग: रबर घ्यावं की पॉट?

२५ मीटरचे चार गाळे (खांब ते खांब अंतरं) आणि प्रत्येक गाळ्यात चार प्रीकास्ट गर्डर, म्हणजे आधीच ओतून आणलेल्या तुळया. सोलापूरकडे सीनेवर, भोगावतीवर किंवा उजनीच्या कालव्यावर उभा राहील असा साधा पूल. याला ३२ बेअरिंगं लागतात. सल्लागाराच्या ड्रॉइंगमध्ये पॉट (पोलादी भांड्यात कोंडलेलं रबर) असतं, ठेकेदार म्हणतो रबर (पोलादी प्लेटा घातलेली रबराची उशी) चालेल, आणि सही करणारा मधल्यामध्ये अडकतो. हे लिहिलंय त्या सही करणाऱ्यासाठी. बेअरिंग म्हणजे गर्डर आणि खांब यांच्यामधली, गर्डरला सरकू आणि वळू देणारी बैठक, हे त्याला सांगायची गरज नाही. इलास्टोमेरिक हा शब्द साइटवर कोणी उच्चारत नाही, सगळे रबरच म्हणतात, म्हणून इथेही रबरच.

रोलर-रॉकरचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लोळत्या-डुलत्या पोलादी बेअरिंगांचा, निकाल आधी लावून टाकू. नव्या काँक्रीट पुलासाठी ते मागवण्याचं कारण उरलेलं नाही. जुन्या पोलादी गर्डरखाली ते अजून आहेत, आणि साफसफाई व ग्रीस वेळेवर झालं तर नीट चालतातही. पण आपल्याकडची धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिचा चिकटा होतो. त्यावर एक्सपान्शन जॉइंटमधून (गाळ्यांमधल्या सांध्यातून) गळणारं गढूळ पाणी सुकलं की रोलर एका अंगाला कलून तिथेच धरतो. मग गर्डरची सगळी ओढ पिअरच्या, म्हणजे खांबाच्या, माथ्यावर येते आणि पेडेस्टलच्या (बेअरिंगखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या) कडा फुटू लागतात. असं जुनं रोलर काढून रबर बसवायचं असेल तर उंचीकडे लक्ष द्या. रोलरचा संच रबरापेक्षा बराच उंच असतो, त्यामुळे पेडेस्टल वाढवावं लागतं, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच खर्च धरायचा राहून जातो.

आता खरा सामना, रबर आणि पॉटचा. आधी पुलाची मागणी किती ते बघू. सोलापूरचा पारा हिवाळ्यात १० अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात ४३–४४ पर्यंत चढतो. फरक ३५ अंशांचा धरा. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं, म्हणजे २५ मीटरला साडेदहा मिमी. सुकताना होणारं आकुंचन मीटरमागे ०.२ मिमी धरलं तर आणखी ५. एकूण सोळाच्या आत. दोन्ही टोकांना रबर असेल तर एका टोकाच्या वाट्याला आठ मिमी येतात. प्रीस्ट्रेसमुळे (ताणलेल्या तारांच्या दाबामुळे) होणारा क्रीप, म्हणजे काँक्रीटचं हळूहळू आखडणं, वेगळा, पण गर्डर यार्डात दोन-तीन महिने मुरू दिला तर त्यातला बराचसा चढवण्याआधीच होऊन गेलेला असतो.

अशा गर्डरखाली ३२० बाय ५०० मिमीचं रबर साधारण बसतं. आत १२ मिमीचे तीन थर, वर-खाली ६ मिमीची कव्हरं, मधे ४ मिमीच्या चार पोलादी प्लेटा. रबर ४८ मिमी, एकूण जाडी ६४. रबराच्या जाडीच्या ०.७ पट सरकण्याची जुनी, हात राखून घातलेली मर्यादा धरली तरी हे बेअरिंग ३३ मिमी कलू शकतं. आपली गरज आठची. ब्रेकच्या ओढीचे पाच ते आठ मिमी त्यात मिळवले तरी निम्म्यावरच राहतो. म्हणजे या मापाच्या पुलाला पॉटची सरकण्याची ताकद लागतच नाही. ती विकत घेऊन पिअर कॅपवर (खांबाच्या माथ्यावरच्या आडव्या तुळईवर) नुसती ठेवून द्यायची, एवढंच.

रबराचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिला दोष मालाचा. करारात क्लोरोप्रीन (एक कृत्रिम रबर) लिहिलेलं असतं आणि येतं भलतंच, कधी नैसर्गिक रबर तर कधी जुन्या रबराचा भुगा मिसळलेलं. प्रयोगशाळेचा अहवाल हवाच, पण ट्रक उतरवतानाच करता येईल अशी एक तपासणी आहे. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, तिची ज्योत रंगहीन झाली की रबराला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. क्लोरोप्रीनमध्ये क्लोरीन असतं, त्यामुळे ज्योत हिरवी होते. नैसर्गिक रबराने होत नाही. ही तपासणी फक्त नकार द्यायला उपयोगी. हिरवी ज्योत आली म्हणजे माल उत्तम असं मुळीच नाही. ३२ लागत असतील तर ३३ मागवा आणि वाटेल ते एक उचलून मधोमध कापा. प्लेटा समांतर आहेत का, थर सारखे आहेत का आणि बाजूचं कव्हर ६ मिमी आहे का, हे तिथेच कळतं. बाजूचं कव्हर दोन-तीन मिमीवर आलेलं असेल तर त्या प्लेटा चार पावसाळ्यांत गंज ओकणार.

दुसरा दोष बसवण्यातला. रबराची आखूड बाजू गर्डरच्या लांबीच्या दिशेने यायला हवी, कारण गर्डरचं टोक त्याच दिशेने वळतं. त्या दिशेने ३२० च्या जागी ५०० आलं की कडेचं रबर विनाकारण दबतं. दिसायला बारीक चूक, पण ती फार वेळा होते, त्यातही तिरप्या पुलांवर. ओढ्यावरचा पूल तिरपा असला की पिअर कॅप एका दिशेला आणि गर्डर दुसऱ्या दिशेला, आणि गवंडी सवयीने रबर कॅपच्या कडेला समांतर मांडतो. पेडेस्टलवर गर्डरची मधली रेघ आधी मारून द्या, मग रबर मांडायला सांगा.

उताराचंही तसंच. रस्त्याला अडीच टक्के चढ असेल तर ३२० मिमीत ८ मिमीचा फरक पडतो. गर्डरचा तळ तसाच तिरपा टेकवला तर एका कडेला रबर चेपतं आणि दुसऱ्या कडेला पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट राहते. गर्डर ओततानाच बेअरिंगच्या जागी तळाला पाचर देऊन तो भाग आडव्या पातळीत आणायचा. नंतर मॉर्टर कोंबून हे साधत नाही. ते मॉर्टर वर्षभरात खपल्या होऊन पिअर कॅपवर पडलेलं सापडतं. पेडेस्टलवर पाणसळ दोन्ही दिशांनी फिरवा.

तिसरा दोष हलक्या भाराचा. रबरावर चौरस मिमीला किमान २ न्यूटन दाब नसेल तर ते घसरत घसरत बाहेर यायला लागतं. कडेच्या हलक्या गर्डरखाली मोठ्या मापाचं रबर ‘असू दे, जास्तच बरं’ म्हणून घातलं की हमखास हेच होतं.

एवढं सगळं मान्य करूनही मी रबराच्या बाजूने का झुकतो, त्याचं कारण पॉटची एक खोड आहे. पॉट वाईट नाही. पोलादी भांड्यात कोंडलेली रबराची चकती, तिच्यावर पिस्टन, कडेला पितळी रिंगची सील, वर पीटीएफई (टेफ्लॉन) आणि स्टेनलेसचा सरकता पत्रा. रचना सुरेख आहे. रबर कोंडलेलं असल्याने ते प्रवाहीसारखं वागतं आणि छोट्या जागेत प्रचंड भार पेलतं. पण त्याचं जे काही बिघडतं ते भांड्याच्या आत बिघडतं. सील झिजली की रबर पितळी रिंगच्या फटीतून बारीक बारीक बाहेर पिळलं जातं आणि पिस्टन एक-दोन मिमी खाली बसतो. बाहेरून दिसतो फक्त रंग. पाहणीला गेलेला माणूस बॅटरी मारतो, गंज नाही असं बघतो आणि रकान्यात ‘ठीक’ लिहून उतरतो.

पिस्टन खाली बसला हे ओळखायचा उपाय एकच. भांड्याची कड आणि वरची प्लेट यांच्यातली फट चारही बाजूंनी मोजायची आणि बसवतानाच्या मापाशी ताडून पाहायची. घोडं अडतं ते इथेच, कारण बसवतानाचं माप कोणी घेतलेलंच नसतं. फट आज ११ मिमी आहे. पहिल्या दिवशी ती किती होती? ड्रॉइंगमध्ये १२ लिहिलंय, पण प्रत्यक्षात ग्राउट करताना (बेअरिंगखाली पातळ सिमेंट भरताना) काय राहिली होती देव जाणे. सरकत्या पत्र्याचंही तेच. मेमध्ये बसवलं की डिसेंबरमध्ये, सुरुवातीचा सरकाव किती दिला होता, हे माहीत नसेल तर आजची जागा बरोबर की चूक ते ठरवायला आधारच उरत नाही.

रबराचा शून्य रबराच्याच अंगावर असतो. त्याची बाजू बसवताना उभी होती, एवढं जगाला माहीत आहे. आज गुण्या लावला आणि वरची कड खालच्या कडेपेक्षा १० मिमी पुढे दिसली, तर ते १० मिमी सरकलंय. नोंदवही हरवली, ठेकेदार पळाला, अधिकारी बदलून गेला, तरी हे माप हरवत नाही. उरलेले रोगही बाहेरच दिसतात. प्लेटांच्या मधले फुगवटे सारखे असतील तर प्रकृती ठीक. एकच फुगवटा मोठा असेल तर तिथली प्लेट सुटलीय किंवा मुळात नव्हतीच. तांबडा ओघळ दिसला तर कव्हर पातळ. गाळ्याच्या दोन्ही टोकांची बेअरिंगं गाळ्याच्या मध्याकडे कललेली असतील तर बहुधा गर्डर ऐन उन्हाळ्यात चढवलेत. मग थंडी आणि आकुंचन, दोन्ही आतल्याच बाजूला ओढतात. कल मर्यादेत असला तर घाबरायचं कारण नाही. नसला तर गर्डर किंचित उचलून रबर मोकळं करून परत टेकवता येतं.

पॉटची आणखी एक कटकट आहे आणि तीही याच जातीची. एका गाळ्याच्या आठ जागांवर चार प्रकार येतात: एक पक्कं, काही फक्त लांबीत सरकणारी, काही फक्त आडवी सरकणारी, बाकी सगळीकडे मोकळी. वरून सगळी सारखीच दिसतात. प्लेटवरचा बाण आणि क्रमांक रंगाखाली गेला की अदलाबदल ठरलेली. त्यात वाहतुकीचे क्लॅम्प, म्हणजे साइटवर आणताना भाग हलू नयेत म्हणून लावलेल्या पट्ट्या. ते ग्राउट पक्कं झाल्यावर आणि डेकची (गर्डरांवरच्या स्लॅबची) ओढ सुरू होण्याआधी काढायचे असतात. काढले नाहीत तर बेअरिंग कुलूप लावल्यासारखं बसतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात एक तर बोल्ट तुटतात नाही तर पेडेस्टल तडकतं. पिअर कॅप आणि गर्डर यांच्यात हात घालायला जेमतेम जागा असते, त्यामुळे मागच्या बाजूचे दोन क्लॅम्प हटकून राहतात.

तरी पॉटला नको म्हणण्याची एक हद्द आहे. गाळा ४० मीटरच्या पुढे गेला, दोन-तीन गाळे सलग जोडले, किंवा एका बेअरिंगवर ३०० टनांच्या वर भार आला की रबर एवढं मोठं आणि जाड होत जातं की ते स्वतःच डळमळीत होतं. तिथे पॉटच. भीमेवर लांब गाळ्यांचा बॉक्स गर्डर असेल तर माझा रबराचा आग्रह नाही. वळणावरच्या उड्डाणपुलाला, जिथे गर्डरचं टोक दोन्ही दिशांनी वळतं, तिथे स्फेरिकल (गोलाकार बैठकीचं) बेअरिंग अधिक योग्य. त्यात वळण्याचं काम घडीव वक्र पृष्ठभागावर होतं, पिळलं जाणारं रबर मुळात नसतंच. किंमत बोचते आणि बनवणारे कमी. साध्या सरळ पुलावर मात्र ते म्हणजे शेतावर जायला मोटार.

रबर निवडलं तर एक गोष्ट विसरू नका. ते गर्डरला धरून ठेवत नाही. आडवे रोध, म्हणजे भूकंपाचे स्टॉपर, वेगळे द्यावेच लागतात. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप लातूर जिल्ह्यातलाच. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये सीना कुठपर्यंत चढली ते लांबोटीच्या बाजूने गेलेल्या कुणालाही विचारा. पाणी गर्डरपर्यंत पोचलं की ते बाजूने ढकलतंच, आणि गर्डरांच्या मधे कोंडलेली हवा डेकला वर उचलू पाहते. डायाफ्रामजवळ (गर्डरांना जोडणाऱ्या आडव्या भिंतीजवळ) डेकला हवा सुटायची भोकं आणि गर्डरच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे ठोकळे, हा खर्च रबराच्या खात्यावर धरूनच तुलना करा. पॉटचे काही प्रकार आडवा जोर घेतात, पण उचल तेही घेत नाहीत. म्हणजे भोकं दोघांनाही लागतात.

दोन्हींपैकी काहीही घ्या, कधी तरी ते बदलावं लागणार. त्यासाठी डायाफ्रामखाली जॅकची जागा ड्रॉइंगमध्येच दाखवून घ्या. जॅक लॉकनटवाले (उचल जागीच अडकवून धरणारे) हवेत, आणि एका टोकाचे सगळे गर्डर एकदमच उचलायचे. शेजारच्या दोन गर्डरांच्या उचलीत दोन मिमीपेक्षा जास्त फरक पडला की डेकला चिरा जातात. रबर असेल तर दाब सुटून फट दिसेल एवढी, पाच-सात मिमीची उचल पुरते आणि ते बाजूने सरकवून काढता येतं. पॉटचे अँकर मधे प्लेट न देता थेट काँक्रीटमध्ये गाडलेले असतील तर ते काढायला पेडेस्टल फोडण्यावाचून मार्ग नाही. म्हणून मागवतानाच बोल्ट बाहेरून सुटतील अशी रचना मागा.

आणि ड्रॉइंगमध्ये पॉटच कायम राहिलं, तुमचं काही चाललं नाही, तर क्लॅम्प काढल्याच्या दिवशी सकाळी एक काम करा. प्रत्येक पॉटची फट चारही कोपऱ्यांत व्हर्नियरने मोजा, सरकत्या प्लेटचा काटा वाचा, डेकच्या तळाचं तापमान घ्या. हे सगळं तारखेसह नोंदवहीत तर लिहाच, पण त्या पिअरच्या काँक्रीटवरही ऑइलपेंटने लिहून ठेवा, वर चढलेल्या माणसाला बॅटरीच्या उजेडात वाचता येईल एवढ्या अक्षरात.