जुगारमुक्तीची सेवाभावी केंद्रं: निवडताना काय तपासायचं

बऱ्याच सेवाभावी केंद्रांत दारूमुक्तीचाच कार्यक्रम चालतो. फलकावर ‘जुगार’ एवढा शब्द वाढवलेला असतो. अशांना आम्ही पाचपैकी दोनच गुण देऊ. दारूचा वास येतो, रक्त तपासता येतं. जुगारात तपासायला काही नाही, आणि नशेचा माल म्हणजे पैसा. तो उपचारानंतरही खिशात असणारच. म्हणून पैशाचं काय करायचं हे ज्या केंद्राला ठाऊक नाही, त्याच्या गप्पा कितीही गोड असोत, उपयोग थोडा.

पहिल्या भेटीत पीजीएसआय, म्हणजे जुगाराची समस्या किती गंभीर ते मोजणारी ९ प्रश्नांची प्रश्नावली, भरून घेतात का, बघा. २७ पैकी ८ किंवा जास्त गुण म्हणजे प्रकरण गंभीर. आत्महत्येचे विचार येतात का, हेही आडवळण न घेता विचारायला हवं. शिवाय चालू औषधं कोणती? पार्किन्सनवरच्या प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी काहींना उतारवयात अचानक हा नाद लागतो. तिथे गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरशी बोलणं आधी. हा रकाना नसलेला फॉर्म घाईत छापलेला समजा.

खरं काम कर्जाच्या कागदावर होतं. कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती, हप्त्याची तारीख, आणि शेवटचा रकाना: घरी माहीत आहे का? तिथे ‘नाही’ असेल, तर तोच हप्ता भरायला माणूस पुन्हा डाव लावतो. घरच्यांनी दागिने मोडून सगळं देणं एकदम फेडलं की नवं कर्ज काढायची वाट मोकळी होते. चांगला समुपदेशक त्यांना वेळीच थांबवतो. पगाराचं खाते संमतीने जोडीदाराच्या देखरेखीखाली, बेटिंग अडवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फोनवर (कपाटातल्या जुन्या फोनवरसुद्धा), आणि जिथे सोय असेल तिथे स्वतःवर बंदीचा अर्ज (‘मला खेळू देऊ नका’ असा), हे सगळं पहिल्या आठवड्यातच उरकायला हवं.

पुढच्या बैठकांत ‘रूलेटच्या चाकावर पाच वेळा लाल आलं, आता काळं येणारच’ असल्या समजुती सोडवतात. हे काम सीबीटीचं, म्हणजे चुकीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचं. नाल्ट्रेक्सोन ही व्यसनाची ओढ कमी करणारी गोळी काहींना देतात, पण खास जुगारासाठी मंजूर झालेलं औषध नाही. हमखास गोळीचं आश्वासन मिळालं तर उठा.

सेवाभावी म्हणजे आपोआप निःस्वार्थ नव्हे. वार्षिक अहवालात देणगीदार बघा. बेटिंग कंपनीचा पैसा असेल, तर उपचार कोण ठरवतं ते विचारा.

‘८० टक्के बरे झाले’ म्हणाले, तर कितींपैकी? नोंदणी केलेल्यांपैकी, की शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी? आणि वर्षभराने पुन्हा विचारलं होतं का? अधेमधे गळणारे इथे पुष्कळ. दुसऱ्या बैठकीला न आलेल्याला किती दिवसांत फोन करता, हेही विचारून ठेवा. ‘त्यांना गरज असेल तर येतील’ असं उत्तर आलं, तर दुसरं केंद्र बघा.