पहिलाच शॉट वर का जायचा, ते या वर्कशॉपमध्ये कळलं

माझी लेक दहा मीटर एअर रायफल खेळते. आम्ही सांगलीचे, मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. २०२४ साली स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये कांस्य मिळालं आणि आमच्या भागातल्या पोरांना रायफलचं वेड लागलं. आमची लेकही त्यातलीच. वर्षभर क्लबच्या रायफलवर शिकली, मग आम्ही तिला जर्मन बनावटीची एक जुनी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, घेऊन दिली. नवीन घेण्याची ऐपत नव्हती. पुण्यातल्या या एअरगन दुरुस्तीच्या वर्कशॉपबद्दल एवढं सविस्तर लिहितेय, कारण त्या रायफलच्या एका दोषापायी माझ्या पोरीने सहा आठवडे स्वतःला दोष दिला.

तक्रार अशी होती. सलग शॉट मारत असली की ग्रुप छान यायचा, म्हणजे सगळे शॉट एकमेकांजवळ लागायचे. पण मध्ये पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा उभी राहिली की पहिला शॉट हमखास वर, घड्याळात बाराच्या दिशेला. दुसरा थोडा खाली. चौथ्या-पाचव्यापर्यंत सगळं जागेवर. क्लबमध्ये सांगितलं गेलं, ‘‘श्वास सोडताना घाई करतेस.’’ कुणी म्हणालं गाल नीट टेकत नाही. तिने दोन्ही सुधारायचा प्रयत्न केला. मग पेलेट, म्हणजे रायफलमधून सुटणाऱ्या शिशाच्या बारीक गोळ्या, बदलून पाहिले; ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर व्यासाच्या डोक्याचे चार वेगवेगळे डबे झाले. फरक शून्य. एका रात्री ती म्हणाली, ‘‘आई, मला थांबल्यावर भीतीच वाटते पुन्हा उभं राहायला.’’ त्याच आठवड्यात आम्ही रायफल घेऊन पुण्याला गेलो.

दुकान दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रायफलची पेटी आणि तिचा हवेचा सिलिंडर घेऊन चढताना दम लागतो. आत एक लांब टेबल, भिंग लावलेला दिवा आणि गॅलरीच्या टोकाला पेलेट अडवायची लोखंडी पेटी. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी रायफल हातात घेण्याआधी लेकीलाच विचारलं, ‘‘बाळा, तुला काय दिसतं ते सांग. कोच काय म्हणतात ते नको.’’ तिने सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पेलेटचा दोष असता तर शॉट कुठेही विखुरले असते. थांबल्यावरच वर जातो म्हणजे थांबलेल्या वेळात आत काहीतरी होतंय.’’ सहा आठवड्यांत एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर फिजिक्सची शिक्षिका.

मग त्यांनी नळीपुढे क्रोनोग्राफ लावला. पेलेटचा वेग मोजायचं हे यंत्र मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. सलग दहा शॉट मारले, सगळे १७० ते १७२ मीटर प्रति सेकंद. मग रायफल तशीच ठेवून दिली आणि चहा मागवला. वीस मिनिटांनी पहिला शॉट: १८३. दुसरा १७८, तिसरा १७४, मग १७२, १७१. लेक त्या आकड्यांकडे बघतच राहिली. पुन्हा वीस मिनिटं थांबून तेच केलं, आकडे जवळजवळ तेच आले.

काय होत होतं, ते माझ्या शब्दांत सांगते. सिलिंडरमध्ये २०० बार दाबापर्यंत हवा भरलेली असते. ती थेट पेलेटमागे सोडत नाहीत. मध्ये रेग्युलेटर असतो, तो दाब बराच खाली आणून एका छोट्या कप्प्यात ठरावीक पातळीला धरतो, म्हणजे सिलिंडर भरलेला असो की अर्धा, प्रत्येक शॉटला तेवढीच ताकद मिळते. कप्पा भरला की रेग्युलेटरची झडप बंद व्हायला हवी. आमच्या रायफलची ती पूर्ण बंद होत नव्हती. सलग मारताना गळतीला वेळच मिळायचा नाही. थांबलं की हवा हळूहळू पाझरायची, कप्प्यातला दाब ठरल्यापेक्षा वर चढायचा आणि पुढचा पेलेट जोरात सुटायचा.

घरी येऊन मी गणित मांडलं. हवेचा रोध सोडून दिला तर १७१ च्या वेगाने दहा मीटर जाताना पेलेट सुमारे १६.७७ मिलिमीटर खाली येतो, १८३ ला सुमारे १४.६५. फरक २.१ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण या खेळात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दोन वलयांमध्ये अडीच मिलिमीटर अंतर. अगदी मधोमध लागला तर १०.९, तिथून पाव मिलिमीटरला एक दशांश गुण कमी, म्हणजे एका शॉटमागे आठ दशांश. साठ शॉटच्या मॅचमध्ये पोरगी पाच-सहा वेळा रायफल खाली ठेवून दम घेते. दरवेळी वीस मिनिटं नसली तरी थोडा दाब चढतोच. जिथे दशांशावर नाव वर-खाली होतं, तिथे एवढंही कुठल्या कुठे नेतं.

काकांनी आमच्यासमोरच सिलिंडर काढला, उरलेली हवा सोडली आणि रेग्युलेटर उघडला. झडपेची सीट म्हणजे तुरीच्या डाळीएवढी पांढरी चकती. भिंगाखाली तिच्यावर गोल खाच पडलेली दिसली, आणि त्या खाचेला आडवा छेद देणारा केसासारखा बारीक ओरखडा. हवा तिथून जात होती. शिवाय एक ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, फुगून मऊ पडली होती. आधीच्या कुणीतरी घरीच रायफल खोलून हार्डवेअरच्या दुकानातली साधी रिंग बसवली होती आणि वर साधं तेल लावलं होतं. इथे काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. एवढ्या दाबाच्या हवेत साधं तेल पेट घेऊ शकतं, तिथे फक्त त्यासाठीचं सिलिकॉन ग्रीस चालतं, हे त्यांनी लेकीकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आम्ही बसलेलो असताना एक मुलगा दुसरी रायफल घेऊन आला, ‘‘काका, जरा पॉवर वाढवून द्या.’’ काकांनी ती हातातही घेतली नाही. मॅच रायफलचा अर्ध्या ग्रॅमचा पेलेट सुमारे साडेसात ज्यूलने जातो, खेळाला तेवढं पुरतं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूलच्या पुढे गेलं की एअरगनलाही परवाना लागतो. ‘‘दाब वाढवायचं काम माझ्याकडे होत नाही,’’ एवढंच म्हणाले. माझा विश्वास तिथे बसला.

आता जे खटकलं ते. चार दिवसांचं काम नऊ दिवसांवर गेलं. सीट बाहेरून मागवावी लागली हे मान्य, पण तसा फोन त्यांनी करायला हवा होता. मीच तीनदा केला, त्यातला एक उचलला. लेकीची जिल्हा स्पर्धा तोंडावर होती, ते नऊ दिवस जड गेले. बिलही मागितल्यावर मिळालं. कुरिअरने रायफल घेत नाहीत, त्यामुळे आमच्यासारख्या बाहेरगावच्या लोकांना दोन खेपा पडतात. तरी मी पुन्हा इथेच जाईन.

कारण रायफल परत देताना त्यांनी नुसतं ‘झालं’ म्हटलं नाही. पुन्हा क्रोनोग्राफ लावला, पुन्हा वीस मिनिटं थांबवलं आणि पहिला शॉट लेकीलाच मारायला लावला. १७१. दुसरा १७२. दहा शॉटचे आकडे कागदावर लिहून, तारीख घालून हातात दिले. सिलिंडरवर कोरलेली तारीखही दाखवली. त्याची मुदत दहा वर्षांची आहे आणि आमच्याकडे जेमतेम दोन उरलीत, हे रायफल विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. सिलिंडरमध्ये हवा भरणाऱ्या क्लबच्या कॉम्प्रेसरचा ओलावा शोषणारा फिल्टर कधी बदललाय ते विचारा, असंही म्हणाले. आम्ही विचारलं. कुणाला आठवत नव्हतं, आता बदललाय.

जाणार असाल तर स्वतःच्या पेलेटचा डबा न्या, सिलिंडर भरून न्या आणि अख्खा दिवस मोकळा ठेवा. आकड्यांचा तो कागद लेकीने रायफलच्या पेटीत झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. परवा सरावात पाणी प्यायला थांबली, परत उभी राहिली आणि पहिला शॉट १०.६.