अकरा महिने वापरल्यावर: राउटरच्या यादीतली चुकीची नावं

गुहागरला खालच्या पाटात आमचं घर आहे. इथली घरं येऊन गेलेल्यांना आठवत असतील: रस्ता, अंगण, चिऱ्याचं घर, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. रुंदी थोडी, लांबी भरपूर. घरात आम्ही राहतो, वाडीत पाहुण्यांच्या चार खोल्या आहेत. गेल्या दिवाळीत चिपळूणहून ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्हींवर चालणारा) राउटर आणला आणि वाडीसाठी दुसऱ्या कंपनीचा रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे पोचवणारा डबा. एक उन्हाळी हंगाम आणि एक पावसाळा काढून झाला, म्हणून आता लिहिते आहे.

रेंजचं थोडक्यात सांगते. दीड फुटी चिऱ्याच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल टिकत नाही, २.४ चा बऱ्यापैकी पोचतो. ओटीवरचा राउटर स्वयंपाकघरापर्यंत पुरतो, पुढे रिपीटर. यात माझी तक्रार नाही.

मी हा राउटर घेतला तो ॲपमधल्या 'जोडलेली उपकरणं' या यादीसाठी. पाहुणे येऊन-जाऊन असतात, पासवर्ड गावभर होतो. कोण जोडलेलं आहे ते दिसावं आणि अनोळखी असेल त्याला बंद करता यावं, एवढीच माझी अपेक्षा होती. त्या यादीनेच एप्रिलमध्ये आमचं नुकसान केलं.

एका रात्री यादीत 'ईएसपी' आणि पुढे सहा आकडे-अक्षरं असं एक नाव दिसलं. आमच्या कुठल्याच वस्तूचं ते वाटेना. मी ब्लॉक केलं आणि दुसऱ्या दिवशी लग्नाला आम्ही पुण्याला गेलो. तो मागील दारच्या विहिरीवरच्या पंपाचा वायफाय स्विच होता. त्याचं वेळापत्रक इंटरनेटवरून चालतं, त्यामुळे तीन दिवस वाडीला पाणी नाही. गेल्या वर्षी लावलेली पोफळीची नऊ रोपं करपली. त्यांना मी रोज हाताने आळी करत होते.

पुतण्या चिपळूणला नेटवर्किंगचं काम करतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "काकू, राउटर नावं शोधून काढत नाही गं. जो जे सांगेल ते लिहून घेतो."

सगळी गोम इथे आहे. उपकरण जोडलं जाताना राउटरकडे डीएचसीपीने (पत्ते वाटायची ठरलेली पद्धत) आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आपला क्रमांक, मागतं आणि मागताना स्वतःचं नाव सांगतं, किंवा सांगत नाही. अँड्रॉइड ८ पासून फोनने नाव सांगणं बंदच केलं होतं. नाव आलं नाही तर काही राउटर मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे उपकरणाला कारखान्यात मिळालेल्या ओळख क्रमांकावरून, अंदाज करतात. मॅकमध्ये दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या असतात आणि पहिल्या तीन जोड्या कंपनीला नेमून दिलेल्या असतात. पण ती कंपनी पुष्कळदा आतल्या वायफाय चिपची असते. टीव्ही एका नावाचा आणि यादीत भलतंच नाव, ते यामुळे. पंपाच्या स्विचमध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची चिप आहे. 'ईएसपी' हे त्या चिपचं मुळातलं नाव आणि पुढची सहा अक्षरं म्हणजे तिच्याच मॅकच्या शेवटच्या तीन जोड्या. स्विच विकणाऱ्याने नाव बदललंच नव्हतं.

फोनची गोष्ट आणखी वेगळी. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे कंपनीचा अंदाजही फसतो. पण ओळखायची एक खूण आहे: मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातून आलेला नाही. ही खूण कळल्यापासून माझी निम्मी धास्ती गेली. घरच्या फोनांना मी आमच्या वायफायपुरता खरा मॅक दाखवायला लावलं. पाहुण्यांच्या फोनला हात लावायचा प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे घरच्यापासून वेगळं वायफाय, सुरू केलं, ते आधीच करायला हवं होतं.

प्रिंटरचं कोडं सुटायला सर्वांत जास्त वेळ लागला. यादीत आमच्या प्रिंटरच्या पत्त्यावर एका पाहुण्याच्या लॅपटॉपचं नाव यायचं आणि नेमकी तेव्हाच बिलं छापली जात नसत. मी यादीला दोष देत होते, पण इथे यादी खरं बोलत होती. प्रिंटरमध्ये कोणीतरी पूर्वी १९२.१६८.१.५ हा पत्ता हाताने घालून ठेवला होता. राउटरला त्याची कल्पना नाही, त्याने तोच पत्ता पाहुण्याला दिला. एका पत्त्यावर दोघे. मग राउटरने वाटायचे पत्ते शेवटचा आकडा १०० ते २०० इतकेच ठेवले, प्रिंटर आपोआप पत्ता घेण्यावर टाकला आणि त्याच्या मॅकला एक पत्ता राखून दिला. त्यानंतर प्रिंटर एकदाही हरवला नाही.

जूनमध्ये लाईटचा खेळ सुरू झाला तसं नवीन दुखणं निघालं. राउटर इन्व्हर्टरवर नव्हता, पण कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि त्याचा नेटवर्क स्विच (नेटच्या तारा जोडायचा डबा) होता. राउटर बंद होऊन पुन्हा उठला की वाटलेल्या पत्त्यांची त्याची नोंद कोरी, त्याच्या घड्याळात तारीख १ जानेवारी १९७०. वायफायवरची उपकरणं पुन्हा जोडली जाताना नाव सांगतात. तारेवरच्या रेकॉर्डरला काही घडल्याचं कळतच नाही, तो जुन्या पत्त्यावर गप्प बसून राहतो आणि यादीत बिननावाचा दिसतो. राउटर इन्व्हर्टरवर घेतला, प्रश्न मिटला.

लॅपटॉपचं नाव विंडोजमध्ये बदललंत तर यादी लगेच बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. आमच्याकडे पत्ता २४ तासांसाठी मिळतो, तोवर जुनंच नाव दिसत होतं. वायफाय तोडून पुन्हा जोडल्यावर बदललं. नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा, त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच घ्या. राउटरच्या ॲपमध्ये मी टोपणनाव म्हणून 'विहिरीवरचा पंप' असं देवनागरीत लिहिलं, ते ॲपमध्ये नीट दिसतं. ब्राउझरमधून राउटरच्या पानावर गेलं की तिथे प्रश्नचिन्हांची रांग. कंपनीने हे सुधारायलाच हवं. याचा एक तारा मी कापते आहे, बाकी चार देते.

मी एक वही केली आहे. प्रत्येक वस्तूच्या बुडाशी लेबलवर मॅक असतो, तो उतरवून घेतला, शेजारी वस्तू कुठे आहे ते लिहिलं. लेबल पुसलेलं होतं तिथे ती वस्तू बंद करून यादीतून कोण जातं ते पाहिलं. यादी चार-पाच मिनिटं मागे असते, घाई केली तर फसाल. एकोणीस वस्तू निघाल्या. आता वहीत न सापडणारा मॅक दिसला तरच ब्लॉक करते.

रिपीटर मात्र शेवटपर्यंत नडला. त्याच्यामागच्या सगळ्यांना तो आपलाच मॅक लावून पुढे पाठवायचा, त्यामुळे तीन खोल्यांचे टीव्ही राउटरला एकच दिसत. कधी एकाचं नाव, कधी दुसऱ्याचं. पुतण्याने गणपतीआधी उघडीप बघून पोफळींच्या कडेने पाइपातून केबल टाकली आणि रिपीटर ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवला, म्हणजे केबलने आलेलं नेट तो वायफायवर देतो आणि प्रत्येकाचा मॅक आहे तसा पुढे जाऊ देतो. तीनही टीव्ही वेगळे दिसू लागले. गणपतीला मुंबईची सगळी मंडळी आली, तेव्हा गेस्ट नेटवर्कवर सव्वीस फोन होते. घरच्या यादीत एकोणीसच नावं होती आणि त्यातलं प्रत्येक मला वहीत दाखवता येत होतं.