कुत्र्या-मांजरांच्या घरासाठी कॉर्डलेस व्हॅक्यूम: पास्कल राहू द्या, आधी ब्रश उलटा करून बघा

ठाण्यात आमच्या घरी दोन मांजरं आणि एक लॅब्रॅडॉर आहे. शिवाय लोक गावाला जाताना आपापली कुत्री माझ्याकडे ठेवून जातात. दिवाळीत आणि मे महिन्यात घर भरलेलं असतं: बीगल, शिह त्झू, गोल्डन रिट्रीव्हर, गावठी, मध्येच एखादी पर्शियन मांजर. त्यामुळे कॉर्डलेस स्टिक व्हॅक्यूम माझ्या हातात रोज सकाळ-संध्याकाळ असतो. स्वस्तातलं, मधल्या किमतीचं आणि महागडं, अशी तिन्ही तऱ्हेची मशीनं मी वापरली आहेत. कुत्रं सोडायला येणारे लोक हमखास विचारतात, "ताई, कुठला घेऊ?" त्यांना दारात उभ्या-उभ्या जे सांगायचं राहून जातं ते इथे सविस्तर लिहिते.

खोक्यावर 20,000 पास्कल, 25,000 पास्कल असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. मशीनचं तोंड पूर्ण बंद केलं की आत जो ओढा तयार होतो त्याचा हा आकडा. पण तोंड बंद असताना हवा वाहतच नाही, आणि केसांना डब्यापर्यंत नेते ती वाहती हवाच. ओढ आणि हवा दोन्ही धरून जो हिशेब होतो तो एअर वॅटचा. डायसन कंपनी तो देते: तिच्या व्ही 8 मॉडेलला 115, व्ही 15 ला 240. पुष्कळ स्वस्त मशीनांवर नुसते मोटरचे वॅट असतात, त्यावरून मशीन किती वीज खातं एवढंच कळतं. आणि आपल्याकडे घरभर गालिचे नसतात. टाइल्सवरचे केस उचलायला फार ताकद लागतच नाही. खरी परीक्षा सोफा, दिवाणावरची गादी, सतरंजी, दारातलं पायपुसणं आणि गाडीची मागची सीट इथे होते.

आता केसांबद्दल, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. लॅब्रॅडॉर आणि बीगलचे केस आखूड आणि ताठ असतात. ते कापडावर पडून राहत नाहीत, विणीत टोकाने घुसतात. सोफ्यावरून हात फिरवला तर बोटांना टोचतात, पण चिमटीत येत नाहीत. नुसत्या ओढीने ते निघत नाहीत, त्यांना आधी उपटावं लागतं. शिह त्झूचे केस लांब आणि मऊ, ते ब्रशमधल्या फिरत्या रोलरभोवती दोऱ्यासारखे गुंडाळतात आणि हळूहळू रोलरच्या दोन्ही टोकांना, जिथे तो फिरतो त्या खाचेत जाऊन बसतात. तिथे गुंता झाला की मोटर तापते आणि मशीन आपोआप बंद पडतं. पर्शियन मांजराची आतली लव तर इतकी बारीक की ती डब्यातल्या जाळीवर नमद्यासारखी थापली जाते.

म्हणून मशीन हातात घेतलं की मी पहिल्यांदा ब्रश उलटा करते. ताठ केसांसाठी रोलरवर राठ ब्रिसल्स किंवा रबरी पाती हव्यात. लांब केसांसाठी गुंता सोडवणारी कंगव्यासारखी दातेरी पट्टी आत बसवलेली असावी, आणि रोलर स्क्रू ड्रायव्हरशिवाय बाहेर काढता यावा. मऊ कापडी रोलर टाइल्ससाठी उत्तम, फरशीवर ओरखडा येत नाही आणि बारीक धूळही पुसली जाते, पण सतरंजीवर तो निव्वळ फिरत राहतो. एकच रोलर देणारं मशीन घेत असाल तर तुमच्या घरात फरशी जास्त की कापड, त्यावर ठरवा.

सोफ्यासाठी छोटा मिनी ब्रश मिळतो. त्यात स्वतंत्र मोटर आहे का ते बघाच. मोटर नसलेला ब्रश हवेच्या जोरावर फिरतो आणि कापडावर दाबला की थांबतो. म्हणजे नेमका जिथे केस उपटायचे तिथेच काम बंद. डायसनच्या व्ही 12 आणि व्ही 15 बरोबर निमुळता, शंकूच्या आकाराचा मिनी ब्रश येतो. त्यावरचे केस जाड टोकाकडून बारीक टोकाकडे सरकत जातात आणि गुंडाळण्याआधीच आत ओढले जातात. मी शिह त्झू झोपलेल्या गादीवर तो फिरवला आणि नंतर उलटा करून बघितला, रोलरवर केस जवळजवळ नव्हते. सगळ्या मशीनमध्ये जास्तीचे पैसे द्यावेत असं मला खरंच वाटलं ते या एका तुकड्यासाठी.

डब्याच्या मापाकडे लोक लक्ष देत नाहीत. केसांना वजन नसतं पण ते फुगतात. व्ही 12 चा डबा 0.35 लिटरचा, व्ही 8 चा 0.54, व्ही 15 चा 0.76. एका मांजराच्या घरात 0.35 पुरतो. लॅब्रॅडॉर केस गाळायला लागला की एका हॉलमध्ये तो भरतो, आणि काठोकाठ भरलेल्या डब्याने झाडत राहिलं की केस फिल्टरकडे सरकतात. पण मोठ्या डब्याचं मशीन जडही असतं: व्ही 15 तीन किलोच्या आसपास, व्ही 12 दोन किलो दोनशे ग्रॅम. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी जड मशीन दोन खोल्या चालवलं आणि म्हणाल्या, "ताई, झाडू बरा होता, ह्याचा सगळा भार मनगटावर येतोय." त्यांचं बरोबर आहे. मोटर, बॅटरी, डबा सगळं मुठीजवळ असतं. ज्यांच्या हातात मशीन रोज राहणार आहे त्यांना दुकानात बरोबर न्या, आणि सोफ्याखाली, पंख्याच्या उंचीला, दोन्हीकडे धरायला लावा. व्ही 8 आणि व्ही 15 ला चालू असेपर्यंत घोडा दाबून धरावा लागतो, व्ही 12 ला एकदा बटण दाबलं की झालं. अंगठ्याचे-बोटांचे सांधे धरलेल्यांना हा फरक मोठा आहे.

आता फिल्टर. आपल्या हवेत खरी गोची इथेच होते. ज्यांना मांजराची अ‍ॅलर्जी असते त्यांना त्रास केसांचा नसतो, मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाचा असतो. मांजर अंग चाटतं, ती लाळ वाळून कोंड्याबरोबर झडते आणि तिचे कण इतके हलके असतात की हवेत बराच वेळ तरंगतात. त्यामुळे मशीनमधून मागे बाहेर पडणारी हवा स्वच्छ हवी. हेपा म्हणजे 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा फिल्टर. पण नुसता फिल्टर हेपा असून भागत नाही. डब्याच्या झाकणातून किंवा सांध्यातून हवा निसटत असेल तर कोंडा तिथून बाहेर येतो. घरात दमेकरी असेल तर संपूर्ण मशीन सीलबंद आहे का, हे विचारा.

फिल्टर महिन्यातून एकदा धुवायला सांगतात, आणि किमान 24 तास पूर्ण वाळवायला. केसाळ घरात महिनाभर थांबता येत नाही. जुलैमध्ये ठाण्यात काहीही 24 तासांत वाळत नाही. ओलसर फिल्टर बसवला तर त्यावर धूळ लगदा होऊन बसते, ओढ मंदावते आणि मशीन चालू केलं की ओल्या कुत्र्याचा वास घरभर पसरतो. याला उपाय एकच, मशीनबरोबरच दुसरा फिल्टर विकत घेणं. एक वाळतोय, एक चालू आहे. फिल्टर सुटा मिळत नसेल तर ते मशीन कोकणपट्टीतल्या माणसाने घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फिल्टर मारून टाकणाऱ्या आणखी काही गोष्टी: रांगोळी, उदबत्तीची राख, टाल्कम पावडर, आणि मांजराच्या शी-शूच्या डब्यातल्या बेंटोनाइट (मातीच्या) वाळूची पूड. हे सगळं आधी झाडूने काढा. शू, ओकारी, पावसातून आलेल्या कुत्र्याने झटकलेलं पाणी, यांच्या जवळही मशीन नेऊ नका.

बॅटरीचा हिशेब घरीच करता येतो. 25.2 व्होल्ट आणि 2.5 अँपिअर-तास म्हणजे 63 वॅट-तास. टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जोराच्या वेगावर, मशीन 450 वॅट खात असेल तर साडेआठ मिनिटांच्या आत खेळ संपतो. खोक्यावरची 45 किंवा 60 मिनिटं सगळ्यात हळू वेगावरची, तीही बहुतेक वेळा मोटरचा ब्रश न लावता. फरशीला हळू वेग पुरतो, पण सोफा आणि गादीला टर्बो लागतोच. आमच्या दोन बेडरूमच्या घराला एक बॅटरी कशीबशी पुरते, गाडी राहून जाते. म्हणून खटकन काढता-बसवता येणारी बॅटरी बघा. व्ही 8 ची बॅटरी स्क्रूने बसवलेली आहे, व्ही 12 आणि व्ही 15 ची बटणावर निघते. टर्बो चालवून बॅटरी गरम असताना लगेच चार्जिंगला लावू नका, आणि चार्जिंगचा स्टँड उन्हातल्या गॅलरीत ठोकू नका. उष्णतेने लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते.

मधल्या किमतीचं माझं एक मशीन चांगलं चाललं होतं. वॉरंटी संपल्यावर काही महिन्यांत बॅटरी बसली. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं की ते मॉडेल बंद झालं, बॅटरी आता मिळणार नाही. मोटर ठणठणीत, ब्रश ठणठणीत, आणि मशीन माळ्यावर. मला याचा मनापासून राग आला. लोक पैसे साठवून वस्तू घेतात, तिचा सगळ्यात आधी झिजणारा भाग दोन-तीन वर्षांतच मिळेनासा व्हावा हे चुकीचं आहे. तेव्हापासून मी खरेदीआधीच सर्व्हिस सेंटरला फोन करून बॅटरी, फिल्टर आणि रोलरची किंमत विचारते. तिन्हीची किंमत पटकन सांगता आली तर पुढचं बोलणं.

पिसवा आणि गोचिडांच्या दिवसांत व्हॅक्यूम औषधाइतकाच उपयोगी पडतो. पिसवांची अंडी केसांना चिकटून राहत नाहीत, ओघळून गादीच्या शिवणीत आणि फरशीच्या सांध्यांत जातात. कोषातल्या पिसवा हादऱ्याने आणि उबेने बाहेर येतात, त्यामुळे औषध टाकल्यावरही पुढचे काही आठवडे झाडणं सोडायचं नाही. गोचीड भिंतीवर चढते, म्हणून फटींसाठीचं चपटं तोंड भिंतीच्या कडेनेही फिरवा. डबा लगेच पिशवीत रिकामा करून गाठ मारा. आत जिवंत गोचिडी असतात.

आवाजाचाही विचार करा. माणसाला 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण 45,000 पर्यंत, मांजराला 60,000 च्याही पुढे. या छोट्या मोटरी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात आणि त्यांची शीळ प्राण्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त टोचते. नवीन मशीन पहिले काही दिवस बंदच हॉलमध्ये उभं ठेवा, त्याच्याजवळ खाऊ द्या, मग शेजारच्या खोलीत चालू करा. भित्र्या कुत्र्याच्या मागे मशीन घेऊन धावणारी मुलं मी पाहिली आहेत. ते अजिबात करू देऊ नका.

मी सध्या व्ही 15 वापरते, कारण माझ्याकडे केस भरपूर आणि कुत्री बदलती. त्याच्या फरशीच्या ब्रशमधून हिरवा प्रकाश जमिनीलगत पडतो आणि फिकट टाइल्सवर न दिसणारी लवसुद्धा उठून दिसते. एक कुत्रं आणि दोन बेडरूम असतील तर एवढ्या पैशांची गरज नाही. मोटरचा मिनी ब्रश, निघणारी बॅटरी आणि सुटा फिल्टर या तीन गोष्टी असलेलं पंधरा-वीस हजारांचं मशीन पुरेल. घरात एकच आखूड केसांचं मांजर असेल आणि सोफा रेक्झिनचा असेल, तर रबरी दात्यांचा झाडू आणि रोज पाच मिनिटं मांजराला विंचरणं यावर छान भागतं. विंचरून निघालेला केस सोफ्यावर पडतच नाही.

दुकानात डेमो देणारे पांढरी पावडर आणि तांदूळ टाकून दाखवतात. त्यातून केसांबद्दल काही कळत नाही. घरून कुत्र्याची न धुतलेली चादर पिशवीत घेऊन जा, काउंटरवर पसरा आणि त्यावर मिनी ब्रश फिरवायला सांगा. एकाच जागी तीनदा फिरवूनही ताठ केस तसेच राहिले तर ते मशीन तुमच्या घरासाठी नाही.