डोळ्याची नस: आधी ओसीटी की सरळ एमआरआय?

पुसदकडच्या भाच्याचा फोन आला. मामींची एका डोळ्याची नजर चार दिवसांत धूसर झाली, डोळा फिरवला की दुखतो. ओसीटी (प्रकाशाने डोळ्याच्या आतल्या पडद्याचे थर मोजणारी तपासणी) जवळ होतं, एमआरआयला नागपूर. आधी काय करायचं?

खर्चात ओसीटी स्वस्त. एमआरआयला काही हजार, वर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. त्रासही ओसीटीत नाहीच, हनुवटी टेकवून काही मिनिटं. एमआरआयमध्ये अर्धा-पाऊण तास निपचित पडावं लागतं. पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं.

खरा फरक दिसण्यात आहे. ओसीटी डोळ्याच्या पडद्यावरच्या, नसेच्या तंतूंची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजते. नसेची सूज डोळ्यामागे असेल तर सुरुवातीला अहवाल नॉर्मल येतो, कारण तंतू झिजायला आठवडे-महिने लागतात. आणि घरचे निर्धास्त! एमआरआय मात्र नस आणि मेंदू दोन्ही दाखवतो. अमेरिकेतल्या ऑप्टिक न्यूरायटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या नसेच्या सुजेच्या, मोठ्या अभ्यासात मेंदूत एकही डाग नसलेल्यांपैकी 25 टक्क्यांना, तर डाग असलेल्यांपैकी 72 टक्क्यांना 15 वर्षांत मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण बिघडवणारा आजार) झाला. त्याच अभ्यासात नेहमीच्या डोसच्या नुसत्या स्टेरॉइड गोळ्यांनी दुखणं जास्त वेळा उलटलं. मेडिकलवरून परस्पर आणू नका.

मामींनी नागपूरच गाठावं, उद्याच. काचबिंदूवर नजर ठेवायची असेल तर डोळ्याचा दाब आणि नजरेच्या कक्षेच्या तपासणीच्या जोडीला ओसीटी कामाची. टीबीचं औषध इथॅमब्युटॉल डोळ्याच्या नसेला इजा करू शकतं; ते चालू असताना रंग फिके दिसू लागले तर कोणत्याही मशीनची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.