ऑस्तिया अँतिका: दीड युरोच्या लोकलवरचं रोमन बंदर

इटलीत शिकणाऱ्या आणि सुट्टीत रोमला निघालेल्या आपल्याकडच्या पोरापोरींना माझा एकच सल्ला. कोलोसियम बाहेरून बघा, फोटो काढा आणि एक सबंध दिवस ऑस्तिया अँतिकासाठी राखून ठेवा.

पिरामिदे मेट्रोला लागूनच पोर्ता सान पाओलो स्टेशन आहे. तिथून लोकल मिळते. शहरातलं दीड युरोचं साधं तिकीटच चालतं, अर्ध्या तासात पोचता. सोमवारी बंद असतं.

प्रवेशाचं आधीच सांगते. 18 ते 25 वयाला 2 युरो, हे वाचून हुरळू नका. ती सवलत युरोपियन युनियनच्या नागरिकांना. आपण शिकतो इटलीत, पण पासपोर्ट भारतीय, म्हणजे पूर्ण पैसे. (पुरातत्त्व किंवा आर्किटेक्चरवाल्यांनी मोफत प्रवेशाचं जरूर विचारावं.) महिन्याचा पहिला रविवार सगळ्यांनाच फुकट.

टायबरच्या मुखाशी वसलेलं हे रोमचं बंदर. गाळ साचत गेला, नदीनं पात्र बदललं, आणि आता समुद्र तीनेक किलोमीटर लांब गेलाय. इथं सम्राटांचा थाट कमी, कामकरी माणसांचा वावर जास्त. विटांच्या मजली इमारती बघून थेट गिरणगावातली चाळ आठवते: खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. दियाना रस्त्यावरच्या खानावळीत तर मी रेंगाळलेच. संगमरवरी काउंटर, मागच्या भिंतीवर खाण्याच्या जिनसांचं चित्र, आणि बाहेर बसायला दगडी कट्टा. बेकरीत काळ्या दगडाची, माणसापेक्षा जड अशी दळायची जाती अजून जागेवर आहेत. सार्वजनिक शौचालयात एकाला एक लागून भोकं, मध्ये आडोसा काही नाही!

नाट्यगृहामागच्या चौकात व्यापाऱ्यांच्या गाळ्यांसमोर जमिनीवर काळ्यापांढऱ्या मोझेकच्या पाट्या आहेत. जहाजं, दीपस्तंभ, डॉल्फिन. आजच्या लिबियातल्या साब्राथाच्या लोकांची खूण हत्ती.

मी कोल्हापूरची. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती आमच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. तो ग्रीकांचा पोसायडन म्हणजेच रोमनांचा नेपच्यून. ऑस्तियातल्या स्नानगृहात तो मोझेकमध्ये जमीनभर पसरलाय, चार समुद्री घोडे हाकत. मोझेकवर चढायचं नाही; शेजारच्या जिन्यानं वर जाऊन बघायचं. आपल्याकडच्या त्या मूर्तीसमोरून आपण किती घाईनं जातो, हे तिथं उभं राहून फार लागलं.

अर्धा गुण कापते तो उन्हासाठी. मुख्य रस्त्यावर पाइन आहेत, आतल्या गल्ल्यांत सावली कमी. फरसबंदी खडबडीत आहे, चप्पल नको, बूटच घाला. जुलै-ऑगस्ट टाळता आला तर उत्तम. डबा सोबत न्या, आणि परतीची घाई नसलेल्या दिवशीच जा.

पाचपैकी साडेचार.