बर्फाच्या टबात दहा महिने

रविवारी आरेत वीस-बावीस किलोमीटर पळून आलं की सोमवारी गोरेगाव स्टेशनचा पूल चढताना काही वाटत नाही. खरी परीक्षा उतरताना. मांड्या अशा भरून आलेल्या असतात की कठडा धरून खेकड्यासारखं आडवं उतरावं लागतं, आणि मागची बाई "ताई, चला ना लवकर" म्हणून कातावते. उतारावर पळताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, त्याने त्याचे बारीक तंतू दुखावतात. हे दुखणं लगेच नाही, २४ तासांनी जोर धरतं आणि ७२ तासांपर्यंत पिच्छा पुरवतं. आरेतले चढ लोकांच्या लक्षात राहतात, पण नडतात ते उतार.

पळून आल्यावर बर्फाच्या पाण्यात बसलं की हे दुखणं कमी होतं म्हणतात. म्हणून या सोमवारच्या पुलापायीच गेल्या मे महिन्यात घडीचा टब ऑनलाइन मागवला. किंमत ४,२०० रुपये. गोल, प्लास्टिकच्या कापडाचा, कडेला उभ्या दांड्या. वर्णनात भारी भारी शब्द होते. बर्फाबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं, आणि मुंबईत सगळं घोडं तिथेच अडतं.

या प्रकाराला पाणी साधारण १० ते १५ अंश हवं आणि बसायचं १० ते १५ मिनिटं. मे महिन्यात आमच्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं ते ३२ अंशांचं. पहिल्या दिवशी मी फ्रीजमधले सगळे ट्रे त्यात रिकामे केले. थर्मामीटर ३२ वरून ३१ वर आला आणि तिथेच बसला. मग शाळेतलं गणित काढलं. १२० लिटर पाणी ३२ वरून १३ वर आणायला साधारण २५ किलो बर्फ लागतो. जानेवारीत, पाणी २६ असताना, १७ किलोंवर भागतं. दर वेळी एवढा बर्फ आणायचा कुठून?

मासळी बाजारातून. तिथल्या मावशींकडे आम्ही एरवी पाव किलो कोलंबी घेणारे, त्यामुळे मी अर्धी लादी मागितल्यावर त्या हातातला कोयता थांबवून म्हणाल्या, "काय गं ताई, घरात लगीन हाय का?" मी म्हटलं, पाय बुडवून बसायचंय. त्यावर त्या जे हसल्या, ते अजून दर रविवारी हसतात. पण बर्फ देतात, आणि पोरगा गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर आणून टाकतो. बर्फ निळसर असतो. न खाण्याचा बर्फ रंगवायचा नियम आपल्याकडे २०१८ पासून आहे, त्यामुळे घाबरू नका, मात्र सरबताला चुकूनही घेऊ नका. लादी गोणपाटातच हातोडीने फोडायची. मोठा तुकडा तसाच टाकलात आणि तो नडगीला टेकून राहिला तर कातडी भाजल्यासारखी लाल होते. माझी आठवडाभर तशी होती.

आता बसण्याबद्दल. पहिलं मिनिट वाईट. श्वास आपोआप आत ओढला जातो, छाती धडधडते, बोलता येत नाही. हे भित्रेपणामुळे होत नाही, गार पाण्याला शरीराचं ते उत्तरच असतं, आणि त्यात नाडी नि रक्तदाब दोन्ही उसळतात. म्हणून आमच्या मजल्यावरच्या काकांनी "आम्हीपण बघू का बसून" म्हटलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. त्यांना बीपी आहे. हृदयाचा त्रास असलेल्यांनी, किंवा मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झालीय त्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. एकट्याने बसायचं नाही, डोकं बुडवायचं नाही. मी कमरेपर्यंतच बसते, पायांत जुने लोकरी मोजे. तीन-चार मिनिटांनी बधिरपणा येतो आणि मग बरं वाटतं. बाहेर आल्यावरही थोडा वेळ अंग गार होतच राहतं, म्हणून हुडहुडी बाहेर आल्यावर जास्त भरते. लगेच गरम शॉवरखाली न पळता टॉवेल, कोरडे कपडे आणि आल्याचा चहा.

फायदा झाला का? झाला. सोमवारचा पूल मी सरळ उतरू लागले. अगदी धावत नाही, पण सरळ. २०१२ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १७ छोट्या प्रयोगांचा, ३६६ जणांचा आढावा घेतला होता. त्यातही नुसतं पडून राहण्यापेक्षा गार पाण्याने दुखणं कमी राहतं असंच निघालं. पण "कमी वाटतं" यातलं "वाटतं" किती, हा प्रश्न उरतोच. २०१४ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात काही जणांना साध्या कोमट पाण्यात बसवून, त्यात स्नायूंसाठी खास तेल घातलंय असं सांगितलं. होता तो साबण. तरी ते बर्फाच्या पाण्यातल्यांइतकेच सावरले. मलाही वीस किलो बर्फ फोडल्यावर "काही फरक नाही" असं वाटायची हिंमत झाली नसती.

एक चूक मी तीन महिने केली. आठवड्यातून दोनदा मी जिममध्ये वजनं उचलते आणि उत्साहाच्या भरात त्या दिवशीही टबात बसत होते. मग २०१५ चा अभ्यास वाचला. १२ आठवडे वजनं उचलणाऱ्यांपैकी जे नंतर १० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं बसले, त्यांचे स्नायू आणि ताकद सायकलवर हलके पाय मारणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. दुखणं दाबताना, स्नायूला वाढायला सांगणारा निरोपही दाबला जातो, असं काहीसं. माझे स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन मारायच्या बैठका, ऑगस्टभर एकाच वजनावर अडकले होते. त्याचं खापर टबावर फोडणार नाही, ऑगस्टमध्ये सणांमुळे मी निम्मे दिवस बुडवलेच होते. पण जिमच्या दिवशी टब बंद केला तो कायमचा.

टबाची गाऱ्हाणीही ऐका. पाचव्या महिन्यात तळाची शिवण उसवली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. शेवटी सायकलवाल्याकडून पंक्चरचं ठिगळ लावून घेतलं, ते टिकलंय. बाल्कनीत ठेवू नका. पाणी, बर्फ आणि माणूस मिळून दोनशे किलोंचा भार होतो, आणि आमच्या इमारतीचं वय माझ्याएवढं आहे. मी न्हाणीघरात ठेवते. पाणी साठवून ठेवण्याचा तर प्रश्नच नाही, स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्यात तयार होतो आणि पावसाळ्यात पालिकेची माणसं पिंप उघडून बघतात. मी ते पाणी फ्लशला आणि लाद्या पुसायला वापरते. पाणीकपातीच्या दिवसांत टब नाही म्हणजे नाही.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ केली. सी लिंकवर वारा मस्त होता, पेडर रोडच्या चढावर चालले, कबूल. घरी बर्फ आधीच सांगून ठेवला होता. आता माझा हिशोब एवढाच आहे: मोठी रेस, किंवा लागोपाठ दोन दिवस लांब पळायचं असेल तर टब. म्हणजे महिन्यातून दोनदा फार. इतर रविवारी शेवटचे दोन किलोमीटर चालत येणं, दहीभात आणि दुपारची झोप. पुलावर फारसा फरक पडत नाही.

नणंद नाशिकला असते, तीही पळते. तिथे थंडीत पहाटेचं टाकीचं पाणीच असं असतं की बर्फ विकत घ्यायची गरज फार पडणार नाही. टब तिला देऊन टाकावा असं मनात आहे. पण गेल्या वर्षी आमच्या शाडूच्या गणपतीचं विसर्जन त्याच टबात झालं (नंतर माती अडकून तळाची तोटी तुंबली, ती वेगळी कथा), त्यामुळे सासूबाई म्हणतात, भाद्रपदापर्यंत कुठे हलवू नकोस.